आभासी संगणकांना दिलेल्या कूटलेखन-हार्डवेअरचे गतिमान व्यवस्थापन : शनिशिंगणापूरच्या कुलूपविरहित बँकशाखेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक आभासी संगणक चालविण्याची पद्धत बँका, शासकीय विदाकेंद्रे आणि मोठ्या शिक्षणसंस्था यांच्यात आता रुळली आहे. अशा व्यवस्थेत गुप्त किल्ल्या कोठे ठेवाव्यात, त्या सांभाळणारे हार्डवेअर कोणत्या आभासी संगणकाला केव्हा द्यावे आणि केव्हा काढून घ्यावे, हा व्यवस्थापनाचा कळीचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मूलतत्त्वे मांडली असून लिनक्स प्रणालीतील 'व्हीएफआयओ-एपी' या यंत्रणेचा प्रमुख उदाहरण म्हणून परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : कूटलेखन, आभासी संगणक, हायपरव्हायझर, मुख्य किल्ली, पासथ्रू.

१. प्रस्तावना

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव दारे आणि कुलुपे नसलेल्या घरांसाठी सर्वत्र परिचित आहे. गावाचे रक्षण शनिदेव करतो आणि चोरी करणाऱ्यास त्याची शिक्षा मिळते, अशी तेथील श्रद्धा आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने या गावात आपली शाखा उघडली, तेव्हा देशातील पहिली कुलूपविरहित बँकशाखा म्हणून तिची मोठी चर्चा झाली. बँकांनी सुरक्षिततेचे ठरावीक निकष पाळणे बंधनकारक असल्यामुळे पोलीस यंत्रणेने या प्रयोगाविषयी नाराजी व्यक्त केल्याचे वृत्तही त्या वेळी प्रसिद्ध झाले. मात्र त्याच वृत्तांमध्ये आणखी एक बाब नमूद होती : शाखेचे दार उघडे राहणार असले, तरी लॉकर आणि महत्त्वाची कागदपत्रे यांच्या सुरक्षिततेची पुरेशी तजवीज करण्यात येणार होती. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये या गावात पोलीस ठाणेही सुरू झाले.

या घटनेचा सांस्कृतिक अंगाने विचार अनेकांनी केला आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासकाला तीत एक वेगळे तत्त्व दिसते. दर्शनी दाराला कुलूप नसले, म्हणजे कुलूपच नसते असे नाही; ते आतल्या बाजूस, ज्या वस्तूचे रक्षण करायचे तिच्या अगदी जवळ सरकलेले असते. आधुनिक विदाकेंद्रातील सुरक्षाव्यवस्था याच दिशेने गेली आहे. संपूर्ण संगणकाभोवती अभेद्य भिंत उभारणे दुष्कर ठरल्यामुळे सर्वांत मौल्यवान वस्तू, म्हणजे कूटलेखनाची किल्ली, एका स्वतंत्र हार्डवेअरमध्ये बंदिस्त करण्यात येते. दोहोंतील साम्य मात्र येथेच संपते. गावात शेजाऱ्यांची परस्परांशी ओळख असते आणि एक समान श्रद्धा त्यांना बांधून ठेवते. एकाच यंत्रावर शेजारी शेजारी चालणाऱ्या आभासी संगणकांमध्ये अशी कोणतीही बांधिलकी नसते. तेथे विश्वासाची जागा नियमांना घ्यावी लागते.

२. किल्ली हार्डवेअरमध्ये ठेवण्याची आवश्यकता

कूटलेखनाचे आधुनिक अल्गोरिदम सर्वांना ज्ञात असतात. गुप्त असते ती केवळ किल्ली. म्हणूनच किल्ली ज्याच्या हाती पडली त्याच्या हाती सारे पडले, असे मानावे लागते. किल्ली संगणकाच्या सर्वसाधारण स्मृतीत ठेवल्यास ती तेथून वाचली जाण्याचा धोका राहतो. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या 'हार्टब्लीड' या दोषाने हे स्पष्ट केले. ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीतील एका चुकीमुळे दूरवरच्या व्यक्तीला सर्व्हरच्या स्मृतीचे तुकडे वाचता येत होते आणि त्यांत खाजगी किल्ल्याही सापडू शकत होत्या. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'मेल्टडाऊन' आणि 'स्पेक्टर' या प्रोसेसरमधील दोषांनी तर एकाच यंत्रावरील विलग कप्प्यांमधील सीमारेषाच संशयास्पद ठरविली.

यावरील उपाय म्हणजे हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल, संक्षेपाने एचएसएम. या उपकरणात किल्ली तयार होते, तेथेच वापरली जाते आणि उघड्या स्वरूपात कधीही बाहेर येत नाही. संगणक त्याच्याकडे मजकूर पाठवितो आणि कूटबद्ध मजकूर अथवा स्वाक्षरी परत मिळवितो. उच्च प्रतीच्या उपकरणांत कोणी छेडछाडीचा प्रयत्न केल्यास आतील किल्ल्या आपोआप नष्ट होतात.

भारतीय संदर्भात हा विषय केवळ सैद्धांतिक राहिलेला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळाली. २०१५ पासून सुरू झालेल्या ई-साइन पद्धतीत स्वाक्षरी करणाऱ्याची किल्ली एचएसएममध्ये तयार होते, एकदाच वापरली जाते आणि लगेच नष्ट केली जाते. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही संस्था 'ई-हस्ताक्षर' या नावाने ही सेवा पुरविते. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने जुलै २०१७ मध्ये आधार क्रमांक साठविणाऱ्या संस्थांसाठी 'आधार डेटा व्हॉल्ट' बंधनकारक केला, तेव्हा त्या कोषाच्या किल्ल्या एचएसएममध्येच असाव्यात अशी अट घातली. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यार्थ्यांचे प्रवेश, शिष्यवृत्ती आणि निकाल यांची माहिती बाळगणाऱ्या महाविद्यालयांनाही हा विचार टाळता येणार नाही.

३. आभासी संगणकाचा पेच

आभासीकरणात 'हायपरव्हायझर' नावाची आज्ञावली एका प्रत्यक्ष यंत्राची साधने अनेक आभासी संगणकांमध्ये वाटून देते. प्रत्यक्ष यंत्रास 'यजमान' आणि त्यावर चालणाऱ्या आभासी संगणकास 'अतिथी' असे संबोधणे सोयीचे ठरते. लिनक्समधील केव्हीएम हा हायपरव्हायझर फेब्रुवारी २००७ मध्ये मूळ प्रणालीत समाविष्ट झाला.

अतिथीला एखादे उपकरण देण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात यजमान मध्यस्थाची भूमिका घेतो; अतिथीची प्रत्येक विनंती तो स्वतः उपकरणापर्यंत पोहोचवितो. हा मार्ग लवचिक आहे, परंतु त्यात वेळ जातो आणि मध्यस्थाच्या नजरेखालून सारा मजकूर जातो. दुसऱ्या मार्गात उपकरण थेट अतिथीच्या स्वाधीन केले जाते. यालाच 'पासथ्रू' म्हणतात. येथे वेग जवळजवळ मूळ उपकरणाइतकाच मिळतो. मात्र उपकरणाने अन्य अतिथींच्या स्मृतीत हात घालू नये यासाठी आयओएमएमयू हा हार्डवेअर-पहारेकरी आवश्यक असतो. लिनक्समध्ये या पद्धतीसाठी 'व्हीएफआयओ' ही चौकट २०१२ मध्ये आवृत्ती ३.६ पासून उपलब्ध झाली.

पासथ्रूची मोठी अडचण म्हणजे त्याचा ताठरपणा. एक कार्ड एका अतिथीला दिले की इतरांना ते वापरता येत नाही. दहा अतिथींसाठी दहा महागडी कार्डे विकत घेणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही. म्हणून एकाच कार्डाचे अनेक स्वतंत्र भाग पाडून ते वेगवेगळ्या अतिथींना देण्याची पद्धत पुढे आली. पीसीआय कार्डांमध्ये यासाठी 'एसआर-आयओव्ही' हे मानक वापरतात. आयबीएमच्या 'झेड' या मेनफ्रेम यंत्रांवरील कूटलेखन-कार्डांची रचना मात्र वेगळी आहे आणि अभ्यासाच्या दृष्टीने ती अधिक उद्बोधक ठरते.

४. कार्डे, डोमेन आणि रांगा

आयबीएम झेड यंत्रांवरील 'क्रिप्टो एक्सप्रेस' या कार्डांना 'अॅडाप्टर' म्हणतात. प्रत्येक कार्डाचे अनेक 'डोमेन' असतात. डोमेन म्हणजे कार्डाच्या आतील एक स्वतंत्र तिजोरी असे समजण्यास हरकत नाही, कारण प्रत्येक डोमेनची स्वतःची मुख्य किल्ली असते. प्रत्यक्ष वापरातील किल्ल्या या मुख्य किल्लीने कूटबद्ध करून बाहेर ठेवता येतात. अशी कूटबद्ध किल्ली चोरीस गेली तरी मुख्य किल्लीवाचून ती निरुपयोगी असते.

कार्ड आणि डोमेन यांच्या प्रत्येक जोडीस एक 'रांग' असते. अतिथी आपली विनंती या रांगेत ठेवतो आणि उत्तरही तेथूनच घेतो. अतिथीला काय द्यायचे हे ठरविताना रांगांची यादी दिली जात नाही. कार्डांची एक यादी आणि डोमेनांची दुसरी यादी दिली जाते आणि त्यांच्या गुणाकारातून रांगा निष्पन्न होतात. उदाहरणार्थ, एखाद्या अतिथीस कार्ड ३ व ७ आणि डोमेन ११ व २० दिल्यास त्याला (३, ११), (३, २०), (७, ११) आणि (७, २०) अशा चार रांगा मिळतात. यांपैकी केवळ तीनच रांगा देणे या रचनेत शक्य नाही. या चौकोनी मांडणीलाच 'मॅट्रिक्स' अशी संज्ञा आहे.

डोमेनांचेही दोन प्रकार मानले जातात. 'वापर-डोमेन' अतिथीला प्रत्यक्ष कामासाठी मिळते. 'नियंत्रण-डोमेन' केवळ प्रशासनासाठी, म्हणजे मुख्य किल्ली बसविणे किंवा बदलणे यांसारख्या कामांसाठी असते. कारकून आणि शाखाधिकारी यांचे अधिकार वेगळे ठेवण्याच्या बँकेतील प्रथेशी हे सुसंगत आहे.

५. व्हीएफआयओ-एपी आणि गतिमानता

ही कार्डे केव्हीएम अतिथींना थेट देण्यासाठी 'व्हीएफआयओ-एपी' हा ड्रायव्हर डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.२० या आवृत्तीत आला. त्याच्या कार्याचे तीन टप्पे आहेत. प्रथम, कोणत्या रांगा यजमानाने स्वतःसाठी ठेवाव्यात आणि कोणत्या अतिथींसाठी मोकळ्या कराव्यात हे दोन मुखवट्यांच्या, म्हणजे एक कार्डांचा व एक डोमेनांचा अशा बिट-मालिकांच्या, साहाय्याने ठरते. दुसऱ्या टप्प्यात प्रशासक एक 'मध्यस्थ उपकरण' निर्माण करतो आणि त्यास कार्डे व डोमेन नेमून देतो. तिसऱ्या टप्प्यात हे मध्यस्थ उपकरण अतिथीला जोडले जाते. एका अतिथीस असे एकच उपकरण जोडता येते.

येथे एक नियम कधीही मोडता येत नाही : एक रांग एका वेळी एकाच अतिथीची. दोन मध्यस्थ उपकरणांना समान रांग नेमण्याचा प्रयत्न झाल्यास ड्रायव्हर तो नाकारतो. तसेच एखाद्या अतिथीकडे असलेली रांग यजमानाने मुखवटा बदलून परस्पर काढून घेण्याचा प्रयत्न केल्यास तोही फेटाळला जातो.

प्रारंभीच्या आवृत्त्यांमध्ये अतिथी चालू असताना त्याची मांडणी बदलता येत नसे. एखादे कार्ड वाढवायचे झाल्यास अतिथी बंद करणे अथवा उपकरण पूर्णतः विलग करणे भाग पडे. बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या व्यवहारात हे अव्यवहार्य होते. २०२२ मध्ये आलेल्या ६.० या आवृत्तीने ही मर्यादा दूर केली. तेव्हापासून चालू अतिथीला कार्ड किंवा डोमेन जोडता येते व काढताही येते आणि बदल तत्काळ लागू होतो. प्रत्यक्ष कार्ड नादुरुस्त झाल्यामुळे यजमानातून काढले गेल्यास ते अतिथीतूनही शिस्तीने वगळले जाते. २०२४ मध्ये संपूर्ण मांडणी एकाच आज्ञेने बदलण्याची सोयही झाली. त्यामुळे बदल करताना अधलीमधली अर्धवट स्थिती टाळता येते.

या गतिमानतेमागे एक सूक्ष्म दक्षता आहे. मॅट्रिक्समधील एखादी रांग प्रत्यक्षात व्हीएफआयओ-एपीच्या ताब्यात नसेल, तर काय करावे? गुणाकाराच्या नियमामुळे केवळ तेवढी एक रांग वगळता येत नाही. आणि ती तशीच दिली, तर अन्य कोणाच्या ताब्यातील रांग अतिथीच्या हाती जाईल. म्हणून ड्रायव्हर त्या रांगेचे संपूर्ण कार्डच अतिथीपासून दूर ठेवतो. वरील उदाहरणात (७, २०) ही रांग यजमानाकडे राहिली असेल, तर अतिथीला कार्ड ७ मुळीच दिसणार नाही. त्याला कार्ड ३ च्या दोनच रांगा मिळतील. प्रशासकास हे प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते, परंतु शंका असेल तेथे नकार द्यावा, हे सुरक्षेचे जुने सूत्रच येथे पाळलेले आहे.

६. रांग रिकामी होते, तिजोरी नव्हे

अतिथीकडून रांग काढून घेतली की ती पूर्वस्थितीत आणली जाते. तीत पडून राहिलेल्या विनंत्या आणि उत्तरे पुसली जातात. त्यामुळे पुढील अतिथीला मागील अतिथीचे अपूर्ण काम दिसत नाही. परंतु डोमेनमधील मुख्य किल्ली मात्र या क्रियेने पुसली जात नाही. तशी ती पुसली गेली असती, तर अतिथी पुन्हा सुरू होताना प्रत्येक वेळी मुख्य किल्ली नव्याने बसवावी लागली असती.

या एका बाबीकडे दुर्लक्ष झाल्यास अनर्थ संभवतो. वेतन विभागाच्या अतिथीकडील डोमेन काढून परीक्षा विभागाच्या अतिथीस दिले आणि मुख्य किल्ली बदलली नाही, अशी कल्पना करावी. परीक्षा विभागाच्या हाती वेतन विभागाच्या कूटबद्ध किल्ल्यांची एखादी प्रत आली, तर त्या किल्ल्या तेथेही चालतील. म्हणजेच सर्व नियम पाळूनही तिजोरी उघडी राहील. यास्तव डोमेनचे हस्तांतर म्हणजे केवळ तांत्रिक नेमणूक नव्हे. मुख्य किल्ली नष्ट करून नवी बसविणे हा त्याचा अविभाज्य भाग आहे. मुख्य किल्ली बसविताना तिचे भाग वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे ठेवण्याची पद्धत आहे, जेणेकरून कोणा एकास संपूर्ण किल्ली ज्ञात होऊ नये.

याच कारणास्तव चालू अतिथीचे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर स्थलांतर करण्यापूर्वी हे उपकरण विलग करावे लागते. गंतव्य यंत्रावर ते पुन्हा जोडताना तेथील डोमेनमध्ये तीच मुख्य किल्ली असणे आवश्यक असते. अन्यथा अतिथीच्या साऱ्या किल्ल्या निरर्थक ठरतात.

यजमानावरच विश्वास नसेल तर काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. आयबीएमने २०२० मध्ये आणलेल्या 'सिक्युअर एक्झिक्युशन' या सुविधेत अतिथीची स्मृती यजमानालाही वाचता येत नाही. झेड१६ या यंत्रमालेपासून अशा सुरक्षित अतिथीला विशिष्ट रांगेशी बांधून घेण्याची सोय झाली. रांग अशा रीतीने बांधली गेली की यजमानाचा प्रशासकही तिच्यातून आपल्या विनंत्या घुसवू शकत नाही.

७. हार्डवेअरच्या मर्यादा : पुण्यातील एक धडा

हार्डवेअर उत्तम असले म्हणजे संस्था सुरक्षित झाली, हा समज घातक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेला सायबर हल्ला या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत बनावट कार्डांद्वारे अनेक देशांतील एटीएममधून आणि 'स्विफ्ट' प्रणालीद्वारे हाँगकाँगमधील खात्यात मिळून सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेण्यात आले. हल्लेखोरांनी कूटलेखनाचे गणित भेदले नव्हते. त्यांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचऐवजी एक प्रतिरूप स्विच उभा केला आणि खऱ्या प्रणालीपर्यंत प्रश्नच पोहोचू दिला नाही. तिजोरी शाबूत राहिली. परंतु 'पैसे द्यावेत काय' या प्रश्नाचे उत्तर तिजोरीबाहेरील तोतया देत राहिला.

एचएसएम किल्लीचे रक्षण करते, ती वापरण्याच्या निर्णयाचे नव्हे. एखादा अतिथी शत्रूच्या ताब्यात गेला, तर त्याला किल्ली चोरता येणार नाही, पण तो ताब्यात असेपर्यंत त्याच्या रांगेतून हव्या तेवढ्या स्वाक्षऱ्या मात्र करून घेता येतील. गतिमान व्यवस्थापनाचे खरे मोल येथे प्रत्ययास येते : संशय येताच अतिथी बंद होण्याची वाट न पाहता त्याच्याकडील रांगा तत्काळ काढून घेता येतात.

८. महाविद्यालयीन कार्यालयांसाठी उपयोजन

मेनफ्रेम यंत्रे महाविद्यालयांकडे नसतात, हे उघड आहे. तथापि ई-निविदा, करविवरणपत्रे आणि विविध शासकीय संकेतस्थळांवरील कामांसाठी वापरले जाणारे डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन हे त्याच कुळातील छोटे उपकरण होय. त्यातही खाजगी किल्ली आतच राहते आणि तेही आभासी संगणकास पासथ्रू पद्धतीने जोडता येते. त्यामुळे वरील विवेचनातून पुढील पथ्ये निघतात.

(१) टोकन कामापुरतेच जोडावे आणि काम संपताच विलग करावे. कायम जोडलेले टोकन म्हणजे सतत उघडी असलेली रांग होय.

(२) एक टोकन एका वेळी एकाच आभासी संगणकास द्यावे आणि त्याची नोंद ठेवावी.

(३) टोकन बाळगणारा आणि त्याचा पिन जाणणारा यांची जबाबदारी लेखी निश्चित करावी. पिन टोकनवरच चिकटवून ठेवण्याने हार्डवेअरचा सारा हेतू विफल होतो.

(४) अधिकारी बदलल्यास टोकन पुढे सोपवू नये. जुने प्रमाणपत्र रद्द करून नव्या अधिकाऱ्याच्या नावे नवे घ्यावे. डोमेन हस्तांतरित करताना मुख्य किल्ली बदलण्याचाच हा प्रकार आहे.

(५) आभासी संगणकाची प्रत काढली, तरी किल्लीची प्रत निघत नाही. म्हणून आपत्कालीन योजनेत टोकन हरविणे अथवा निकामी होणे याचा स्वतंत्र विचार असावा.

९. समारोप

कूटलेखन-हार्डवेअरच्या गतिमान व्यवस्थापनाची चर्चा प्रथमदर्शनी अत्यंत तांत्रिक भासते. तिच्या मुळाशी असलेले प्रश्न मात्र कोणत्याही संस्थेच्या कारभाराचे आहेत : मौल्यवान वस्तू कोणाच्या स्वाधीन आहे, किती काळासाठी आहे, ती परत घेताना मागे काय उरते आणि हे सारे कोणी पाहावे. व्हीएफआयओ-एपीसारख्या यंत्रणेने यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नियमबद्ध केली आहेत. तिसरा प्रश्न ती अंशतः सोडविते, कारण रांग ती रिकामी करते, परंतु मुख्य किल्ली प्रशासकावर सोपविते. चौथा प्रश्न पूर्णतः माणसांचा आहे. शनिशिंगणापुरातील उघड्या दाराच्या बँकेलाही लॉकरची तजवीज करावी लागली; आणि जेथे एका यंत्रावर परस्परांना अपरिचित असे अनेक अतिथी नांदतात, तेथे ही तजवीज किल्ली देताना जेवढी, तेवढीच ती परत घेतानाही करावी लागते.